शिवलेल्या लेन्सचा डोळा: ऑपरेशनआधी काय विचारायचं, नंतर काय सांभाळायचं

मोतीबिंदूचं साधं ऑपरेशन झालं की पेशंट महिना-दीड महिना थेंब टाकतो, नंबर काढून चष्मा करतो आणि डोळा विसरून कामाला लागतो. ते चालतंही. पण ज्याच्या डोळ्यात लेन्स टाक्यांनी शिवून बसवली आहे, त्याला डोळा विसरून चालत नाही. आपल्या मराठवाड्यात असे पेशंट पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आपल्या डोळ्यात टाका आहे हेच माहीत नसतं. ‘लेन्स टाकली’ एवढंच घरच्यांना ठाऊक असतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. ‘पिशवी राहिलेली नाही, लेन्स शिवावी लागेल’ असं डॉक्टरांनी नुकतंच ज्या घराला सांगितलंय, त्या घरासाठीही आहे.

आधी कारण समजून घ्या

आपलं नैसर्गिक भिंग एका पातळ पिशवीत असतं आणि ती पिशवी चहूबाजूंनी बारीक तंतूंवर झोळीसारखी टांगलेली असते. मोतीबिंदू काढताना पिशवी जागेवर ठेवतात आणि नवी लेन्स तिच्यातच बसवतात. पिशवीची मागची बाजू सर्वांत पातळ जागी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावी लागते, जेमतेम चार हजारांश. ती थोडी फाटली आणि पुढची कड शाबूत असली, तर लेन्स त्या कडेवर टेकवता येते. पण कडच नसेल किंवा तंतूच तुटले असतील, तर लेन्सला आधार उरत नाही. मग ती डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला दोन किंवा चार ठिकाणी धाग्याने बांधतात.

आपल्याकडे तंतू तुटण्याचं मोठं कारण म्हणजे मार. ज्वारीची कापणी, वाळलेली पऱ्हाटी उपटणं, ऊसतोड, लाकूड फोडताना उडालेली ढलपी, बैलाने मान हलवताना लागलेलं शिंग, पोरांचा विटीदांडू. मार लागल्यावर दोन दिवसांनी डोळा दुखायचा थांबतो, म्हणून घरचे निर्धास्त होतात. आतले तंतू मात्र तुटलेले असतात आणि मोतीबिंदू पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी दिसू लागतो. त्यामुळे मोतीबिंदूच्या तपासणीला जाल तेव्हा डोळ्याला पूर्वी कधी मार लागला होता का, हे आठवून सांगा. वीस वर्षांपूर्वीचा असला तरी सांगा. सर्जनच्या तयारीत त्याने फरक पडतो.

दुसरं कारण म्हणजे मोतीबिंदू ‘पिकू देणं’. हा समज अजून गावोगावी आहे आणि तो घातक आहे. फार पिकलेल्या मोतीबिंदूत पिशवी आणि तंतू दोन्ही कमजोर होतात, डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं आणि जे ऑपरेशन सोपं झालं असतं ते अवघड होऊन बसतं. काही वयस्कर माणसांच्या डोळ्यात बारीक पांढुरके कण साचण्याचा आजार असतो, त्यातही तंतू ढिले पडतात. शिवाय जुन्या शिबिरांत पिशवीसकट मोतीबिंदू काढून जाड भिंगाचा चष्मा दिलेले आजी-आजोबा अजून आहेत. त्यांना आता लेन्स बसवायची तर आधार नव्यानेच तयार करावा लागतो.

लहान मुलांत भिंग जन्मतः किंवा वाढत्या वयात सरकलेलं सापडतं. मूल उंच, सडपातळ, लांब बोटांचं असेल तर मार्फान सिंड्रोमचा (शरीरातले जोडणारे तंतू कमजोर असण्याच्या जन्मजात आजाराचा) विचार होतो आणि हृदयाची तपासणी करतात. होमोसिस्टिन्युरिया या आजारातही भिंग सरकतं. तो आई-वडील दोघांकडून उतरतो, म्हणून मामा-भाचीचं किंवा नात्यातलं लग्न असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. या आजारात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तो आधी कळणं फार गरजेचं आहे.

पहिली पायरी: शिवण्याआधी पर्याय विचारा

पिशवी नसेल तर शिवणं हा एकच मार्ग नाही. बुबुळाच्या रंगीत पडद्याला मागून चिमट्याने पकडणारी लेन्स असते. लेन्सचे पाय पांढऱ्या भिंतीत बोगदा करून अडकवायचे आणि वरून जैविक गोंद लावायचा, ही पद्धत चेन्नईच्या डॉ. अमर अग्रवाल यांनी २००७ मध्ये सुरू केली. जपानच्या डॉ. शिन यामाने यांच्या पद्धतीत लेन्सच्या पायांची टोकं उष्णतेने फुगवून ती भिंतीत रुतवतात, तिथे टाका लागत नाही. यांतली एकच पद्धत सगळ्यांसाठी सरस, असं आजवर ठरलेलं नाही. डोळ्याची अवस्था, पेशंटचं वय आणि त्या सर्जनचा हात कोणत्या पद्धतीत बसलेला आहे, यावर निर्णय ठरतो. शेवटची गोष्ट विचारायला लोक कचरतात. विचारा. ‘डॉक्टरसाहेब, अशा केसमध्ये तुम्ही कोणती पद्धत जास्त वापरता?’ असं विचारण्यात अपमान करण्यासारखं काही नाही.

कधी कधी पहिल्या ऑपरेशनमध्ये पिशवी फाटते आणि डॉक्टर लेन्स न टाकताच डोळा बंद करतात. नातेवाइकांना वाटतं फसवलं. बऱ्याचदा तो शहाणपणाचा निर्णय असतो. सूज उतरू देऊन काही आठवड्यांनी शांतपणे लेन्स बसवणं, चिडलेल्या डोळ्यात घाईने बसवण्यापेक्षा चांगलं. फक्त मोतीबिंदूचा तुकडा मागे जेलीत, म्हणजे भिंगामागे डोळा भरून असलेल्या पारदर्शक गरात पडलाय का, हे त्याच दिवशी स्पष्ट विचारून घ्या. पडला असेल तर पडद्याच्या म्हणजे रेटिनाच्या सर्जनकडे लवकर जावं लागतं, तिथे महिना-महिना थांबता येत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत मी जास्त सावध आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात शिवलेल्या धाग्याला साठ-सत्तर वर्षं टिकायचंय, आणि धागा तेवढा टिकत नाही. म्हणून चष्म्याने किंवा कॉन्टॅक्ट लेन्सने काही वर्षं निभत असेल तर तो मार्ग आधी तपासून पाहावा. त्याच वेळी डोळा आळशी पडू नये म्हणून नंबर आणि पट्टीचा उपचार लगेच सुरू व्हायला हवा.

दुसरी पायरी: धागा कोणता, हे समजून घ्या

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो जवळजवळ कुणीच विचारत नाही. अनेक वर्षं या कामासाठी १०-० जाडीचा पॉलिप्रोपिलीन धागा वापरला गेला. त्याची जाडी मिलिमीटरच्या दोन ते तीन शतांश इतकीच असते, केसापेक्षा बारीक. डोळ्याच्या आत तो हळूहळू झिजतो आणि चार-पाच वर्षांपासून दहा वर्षांपर्यंत कधीही तुटल्याची उदाहरणं आहेत. हे कळल्यावर बऱ्याच सर्जननी ९-० हा जाड धागा घ्यायला सुरुवात केली (आकडा जितका लहान, तितका धागा जाड). काही जण ८-० जाडीचा गोर-टेक्स वापरतात. तो मुळात डोळ्यासाठी बनवलेला नाही, पण मजबूत असल्याने त्याला पसंती मिळते. पेशंट जितका तरुण, तितका जाड धाग्याचा आग्रह योग्य ठरतो.

दुसरा प्रश्न गाठीबद्दल विचारा: गाठ कुठे लपवणार? ती पांढऱ्या भिंतीच्या पापुद्र्याखाली किंवा खाचेत पुरायला हवी. उघडी राहिलेली गाठ पुढे वरचं नाजूक आवरण घासून बाहेर येते. टाका कोणत्या जागी घालायचा यालाही नियम आहे. घड्याळाच्या तीन आणि नऊच्या बरोबर जागी मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात, म्हणून सर्जन तिथून थोडं बाजूला सरकतात. हे तुम्हाला ठरवायचं नाही, पण आत रक्तस्राव का होतो हे त्यावरून कळेल.

तिसरी पायरी: ऑपरेशनआधीच्या तपासण्या

लेन्सच्या नंबरचं मोजमाप, डोळ्याचं प्रेशर, बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी, आतलं दिसत नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी, अश्रूंची नळी उघडी आहे का ते पाहणं, आणि शुगर. यांतली एकही टाळू नका. बुबुळाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या, आतल्या पेशींची मोजणीसुद्धा करून घ्या. निरोगी प्रौढ डोळ्यात त्या एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण अडीच हजार असतात. मार आणि आधीची ऑपरेशनं यांत त्या मरतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. फार कमी उरल्या तर बुबुळ सुजून पांढरं पडतं, मग लेन्स कितीही सरळ बसली तरी उपयोग नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका आणि लपवूही नका. हृदयाचे डॉक्टर आणि डोळ्याचे डॉक्टर एकमेकांशी बोलून ठरवतील.

नंबराबद्दल अपेक्षा आधीच ठीक ठेवा. शिवलेली लेन्स पिशवीतल्या जागेवर तंतोतंत बसत नाही, म्हणून नंतर चष्मा लागणं हे नेहमीचंच आहे. ते अपयश नव्हे.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. पेशंट भरती झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधार आणि रेशन कार्ड घेऊन एक दिवस आधी जाऊन भेटा. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेडची शासकीय महाविद्यालयं यांत नेत्रविभाग आहेत. मात्र पडद्याचा सर्जन त्या दिवशी आहे का, हे जाण्याआधी विचारून घ्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना एक खास विनंती. ऑपरेशन तातडीचं नसेल तर टोळी परत आल्यावर, एप्रिल-मेमध्ये करा. दिवाळीपर्यंतचे पाच-सहा महिने तपासणीला मिळतात. दसऱ्याला ऑपरेशन आणि पंधरा दिवसांत पश्चिम महाराष्ट्रातल्या फडावर, असं झालं की जिथे धोका जास्त असतो तो सगळा काळ पेशंट पाचटात आणि कोपीत काढतो. प्रेशर वाढलेलं असेल किंवा मार ताजा असेल तर मात्र हंगामाकडे पाहू नका.

चौथी पायरी: डिस्चार्जच्या वेळी कागद नीट घ्या

लेन्सच्या डब्यातलं स्टिकर कार्डावर चिकटवलेलं आहे का ते पाहा. त्याखाली चार गोष्टी लिहून मागा: लेन्स कशी बसवली, धागा कोणता, टाके घड्याळाच्या किती वाजताच्या जागी, आणि ऑपरेशनची तारीख. पाच वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरसमोर हा कागद नसला तर त्यांना अंधारात चाचपडावं लागतं. कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. मूळ कागद पेटीत कुजतो किंवा घर बदलताना हरवतो.

पुढे कधी एमआरआय सांगितला तर काय, असं पुष्कळ जण विचारतात. लेन्स प्लॅस्टिकच्या जातीची असते, धाग्यात धातू नसतो. एमआरआय करता येतो. तरी कार्ड दाखवाच.

पाचवी पायरी: पहिला आठवडा

थोडं खुपणं, लाली आणि पाणी येणं अपेक्षित आहे. दृष्टी पहिल्या दिवशी धूसर असेल, कारण टाका घालताना आत थोडं रक्त उतरलेलं असू शकतं. डोकं उंच ठेवून झोपलं की ते खाली बसतं आणि बहुतेक वेळा आपोआप शोषलं जातं. पण दुखणं दर तासाला वाढत चाललंय, उलटी होतेय, त्या बाजूचं डोकं ठणकतंय, तर प्रेशर वाढलं असण्याची शक्यता मोठी. सकाळची वाट न पाहता फोन करा.

सगळ्यात भयंकर म्हणजे आत जंतुसंसर्ग. दुखणं, वाढणारी लाली, पापणी सुजणं, आणि काल दिसत होतं ते आज कमी दिसणं. यांतली ‘कमी दिसणं’ ही खूण सर्वांत बोलकी आहे. अशा वेळी तास मोजावे लागतात. डोळ्यात अँटिबायोटिकचं इंजेक्शन त्याच दिवशी मिळालं तर डोळा वाचण्याची आशा राहते. एसटी उद्या सकाळी आहे म्हणून थांबू नका, गावातली गाडी करा.

थेंब टाकण्याआधी हात साबणाने धुवा, बाटलीचं टोक पापणीला लावू नका. डोक्यावरून आंघोळ, चुलीचा धूर, जनावरांचा गोठा, मळणी यांपासून डॉक्टर सांगतील तितके दिवस दूर राहा. डोळा चोळायचा नाही. रात्री झोपेत हात जातो, म्हणून प्लॅस्टिकची जाळी लावूनच झोपा.

सहावी पायरी: पहिले तीन महिने

पहिल्या आठवड्यानंतर, महिन्याला आणि तीन महिन्यांनी तपासणी होते. पेशंटला बरं वाटत असतं, म्हणून नेमकी महिन्याची तपासणी चुकवली जाते. हाच काळ पडद्याच्या मध्यभागी सूज येण्याचा असतो, साधारण चौथ्या ते बाराव्या आठवड्यात. दुखत नाही, लाल होत नाही, फक्त अक्षरं पुसट आणि रंग फिके दिसतात. ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) केली की सूज लगेच दिसते आणि थेंबांनी बहुतेकांची उतरते. उशीर झाला तर ती मुरते.

स्टेरॉइडचे थेंब ठरवून दिल्याप्रमाणे हळूहळू कमी करायचे असतात. एकदम बंद केले तर सूज उसळते, महिनोन्‌महिने चालू ठेवले तर काही जणांचं प्रेशर चढतं आणि काचबिंदू होतो. डोळा लाल झाला की मेडिकलवरून ‘मागचंच ड्रॉप’ मागून आणण्याची सवय आपल्याकडे फार आहे. या डोळ्यात ती फार महागात पडते.

सातवी पायरी: पुढची सगळी वर्षं

इथे मी सर्वांत जास्त जीव तोडून सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तपासणी करायची. दिसत असलं तरी करायची. आणि घरी आठवड्यातून एकदा चांगला डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचायचे. दोन्ही डोळ्यांनी पाहताना एका डोळ्यातला बिघाड महिनोन्‌महिने लपून राहतो.

धागा बाहेर येणं ही वर्षांनी होणारी तक्रार. डोळ्यात सतत कुसळ गेल्यासारखं वाटतं. पांढऱ्या भागावर, बुबुळाच्या कडेजवळ निळसर ठिपका किंवा बारीक टोक दिसतं, कारण पॉलिप्रोपिलीनचा धागा निळा असतो. गोर-टेक्स पांढरा असतो, तो सहज दिसत नाही. गावात डोळ्यातलं कुसळ काढून देणारी माणसं असतात. त्यांच्याकडे या डोळ्याचा पेशंट नेऊ नका, स्वतःही रुमालाच्या टोकाने ओढू नका. तो धागा ओढला तर लेन्स सैल होईल. बाहेर आलेल्या धाग्याच्या वाटेने जंतू सरळ आत जाऊ शकतात, म्हणून दुखत नसलं तरी दोन-तीन दिवसांत दाखवा. डॉक्टर त्यावर आवरण किंवा पापुद्रा बसवून तो पुन्हा झाकतात. नुसता कापून टाकणं बहुधा योग्य नसतं.

लेन्स कलंडणं किंवा सरकणं वेगळं ओळखू येतं. एकाच डोळ्याने पाहतानाही दोन-दोन दिसणं, दिव्याभोवती चंद्रकोरीसारखी कड दिसणं, मान हलवली की चित्र थरथरणं, चष्म्याचा नंबर सारखा बदलणं. थोडं कलंडणं चष्म्याने भागतं. जास्त असेल तर लेन्सची कड आतल्या रंगीत पडद्याला घासते, वारंवार सूज, रक्त आणि प्रेशर असा त्रास सुरू होतो. अशा डोळ्याला ‘सारखं येतंच’ म्हणून थेंबांवर ढकलत राहू नये.

धागा पूर्ण तुटला तर दृष्टी एका क्षणात जाते. लोटा उचलताना, शिंकताना, काहीही न करता. जाड चष्मा लावला की पुन्हा दिसतं, तर लेन्स मागे पडली आहे असं समजा. हे भीतिदायक आहे, पण मागे पडलेल्या लेन्सने त्या तासाला डोळा जात नाही. दोन-चार दिवसांत पडद्याच्या सर्जनकडे पोहोचा. लेन्स पुढच्या बाजूला आली आणि डोळा दुखू लागला, तर मात्र त्याच दिवशी.

पडदा सुटणं कुठल्याही वर्षी होऊ शकतं. अचानक विजेसारखे चमकारे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, आणि एका बाजूने चढत येणारी सावली. तिन्ही एकत्र यायलाच हवीत असं नाही. सावली दिसली की त्याच दिवशी निघा. पडद्याचा मध्यभाग सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर दृष्टी वाचते.

मार पुन्हा लागू देऊ नका. कुस्ती, कबड्डी बंद. ऊस, पऱ्हाटी, मळणी, वेल्डिंग या कामांना पॉलिकार्बोनेटचा बाजूने बंद असलेला चष्मा घाला, साधा काळा चष्मा पुरत नाही. पोळ्याला बैल सजवताना शिंगाशी वाकायचं काम दुसऱ्याला द्या.

आठवी पायरी: बिघाड झालाच तर

फोनवर सांगायचं वाक्य तयार ठेवा: ‘या डोळ्यात शिवलेली लेन्स आहे, अमुक साली बसवली, आज सकाळपासून असं होतंय.’ पहिल्या वाक्यात ‘शिवलेली’ हा शब्द आला पाहिजे. नाहीतर समोरचा माणूस साधा लाल डोळा समजून चार दिवसांनी बोलावतो.

दुरुस्ती होते. एक टाका तुटला असेल तर तीच लेन्स पुन्हा बांधता येते. लेन्सच खराब झाली असेल तर ती काढून दुसरी, बहुतेकदा बिनटाक्याच्या पद्धतीने बसवतात. मागे पडलेली लेन्स उचलायला आधी जेली काढावी लागते. अशा डोळ्याला पूर्वी एक-दोन ऑपरेशनं झालेली असतात, म्हणून पडद्याचा आणि पुढच्या भागाचा असे दोन्ही सर्जन जिथे एकत्र आहेत तिथेच जा. जाताना जुनं कार्ड, सगळे ओसीटीचे कागद, चालू थेंबांच्या बाटल्या आणि शुगरचा ताजा रिपोर्ट सोबत घ्या. पेशंटसोबत रात्री मुक्काम करू शकेल असं एक माणूसही घ्या, कारण पडद्याच्या ऑपरेशननंतर कधी कधी काही दिवस पालथं झोपावं लागतं आणि ते एकट्याच्याने होत नाही.